खंडेनवमीचे बूट

शहाऐंशी सालच्या खंडेनवमीला, न्यू जर्सीतल्या घरात, डॉक्टर नाफड्यांनी चौरंगावर स्टेथोस्कोप ठेवला. झेंडू मिळाला नाही म्हणून पद्मिनीबाईंनी शेवंतीसारखे पिवळे मम्स वाहिले. तेवढ्यात त्यांचा शिरीष कुबड्या टेकत आला. इंग्लंडमधल्या एका चौथ्या डिव्हिजनच्या क्लबात तो डिफेंडर होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सध्या घरी होता. त्याने आपले फुटबॉलचे बूट स्टेथोस्कोपला खेटून ठेवले.

"पायातली वस्तू देवापुढे?" डॉक्टर कडाडले.

"बाबा, ज्याच्यावर पोट भरतं त्याची आज पूजा, असं तुम्हीच सांगायचात ना? दिस इज माय जॉब."

"होता! तुझे रिपोर्ट वाचलेत मी. अरे, आज पुजलेलं हत्यार उद्या दसऱ्याला उचलायचं असतं. तू काय उचलणार?"

शिरीष जागचा हलला नाही. समोरचा अंगावर आला की मागे सरायचं नाही, एवढंच तर त्याचं काम होतं. पद्मिनीबाईंनी नवऱ्याकडे न बघता दोन्ही बुटांना ठसठशीत हळदकुंकू लावलं.

दसऱ्याच्या सकाळी डॉक्टर स्टेथोस्कोप उचलायला आले, तर शेजारचे बूट गायब. बाहेर गराजच्या दारावर धाडधाड चेंडू आपटत होता.

चौरंगाला टेकून कुबड्या उभ्या होत्या. त्यांना मात्र कुणी हळदकुंकू लावलं नव्हतं.