आगपोवळ्यामागचं बीळ

हात चुकला आणि गोझेईच्या मनगटापासून कोपरापर्यंत जाळ उठला.

सासूनं शिकवलं होतं, बिळात हात डावीकडूनच घालायचा. साठ वर्षं तिनं तो तसाच घातला. आज मेला गुडघा वाकेना, म्हणून ती उजवीकडून झुकली आणि बिळाच्या तोंडाशी वाढलेल्या आगपोवळ्याच्या फांद्या हातभर घासल्या. दिसायला काय गोजिऱ्या, हळदीच्या रंगाच्या, टोकं पांढरी. हात लावला की सात पिढ्या आठवतात. लोखंडी आकडा पाण्यात पडला आणि ऑक्टोपस बिळात आणखी आत सरकला.

तिसऱ्या महिन्याची तीज होती. बेटावरच्या बायकांनी या दिवशी समुद्रात हातपाय धुवायचे आणि ओहोटीला खडकावर मिळेल ते टोपलीत घालायचं. एके काळी इथे बायकांची नुसती जत्रा असे. आज दोघीच होत्या. ब्याऐंशीची गोझेई आणि तिची शेजारीण तोमी, तीही काही कोवळी नव्हे.

तोमी वीसेक पावलांवर पाठ करून उभी होती. ऑक्टोपसचं बीळ म्हणजे घराण्याचा ठेवा. ते सख्ख्या बहिणीलाही दाखवायचं नाही आणि दुसरीच्या बिळाकडे आपण बघायचं नाही, ही रीत. पण चाळीस वर्षं ओहोटी लागली की तोमी गोझेईच्या मागे, आणि तिला चुकवायला गोझेई खडकभर वेडीवाकडी फिरायची. गावाला तेवढीच करमणूक.

“तोमी, हात पोळला, शिरका आण गं,” गोझेई म्हणाली.

तोमी बाटली घेऊन आली ती आकाशाकडे बघत. खाली बघितलं तर बीळ दिसायचं. अर्धा शिरका तिनं समुद्राला पाजला.

“कुठे ओततेस? हात इथे आहे.”

“दिसतोय कुणाला?”

“मग बघ की. मीच सांगतेय, बघ.”

तोमी काही बघेना. गोझेईचा हात जळत होता, पण आत त्याहून जास्त जळत होतं. शनिवारच्या बोटीनं मुलगा तिला कायमचं न्यायला येणार होता. नाहा शहरात चौथ्या मजल्यावर खोली, आणि खिडकीतून दिसणार समोरच्यांची खिडकी. नववर्षाला सगळे घरी आले तेव्हा सुनेला बिळाचं सांगायला गेली तर ती म्हणाली, आई, ऑक्टोपस दुकानात कापून मिळतो. भरल्या घरात इतकं एकटं गोझेईला कधी वाटलं नव्हतं.

“सासूनं मला दिलं, मी तुला देते,” ती म्हणाली. “नाहीतर माझ्याबरोबरच संपेल ते. नीट ऐक, अक्कल गहाण टाकू नकोस. पोवळ्याला धक्का न लावता हात घालायचा, तर तो...”

“डावीकडून,” तोमी म्हणाली.

तोमीनं बाटलीला बूच लावलं आणि बाही वर सारली. कोपराखाली जुना काळपट डाग होता, फांद्याफांद्यांचा.

“कधी?”

“तुझा नवरा गेला त्या वर्षी. तू महिनाभर समुद्रात उतरली नाहीस ना, तेव्हा.”

“तीस वर्षं झाली त्याला. आणि एकही ऑक्टोपस नेला नाहीस?”

“मला काय करायचाय? माझं मला आहे की बीळ.”

“मग भवाने, माझ्या मागे मागे का फिरायचीस?”

तोमीनं आता पहिल्यांदा मान खाली घातली. पाणी चढायला लागलं होतं. घोट्याशी आलेल्या पाण्याकडे ती बघत राहिली.

“ते सोड,” ती म्हणाली. “शनिवारनंतर मी कुणाच्या मागे फिरू, ते सांग.”