शून्य सावली

सोसायटीच्या गेटची शोभा जाते म्हणून सेक्रेटरींनी भाजीवाल्या वेणूबाईला छत्री काढायला लावली होती. आज तर तिची नातही तापाने फणफणलेली. पोरीला तिने कुंपणाच्या भिंतीच्या हातभर सावलीत निजवलं होतं.

साडेबाराला सेक्रेटरी सोसायटीतल्या मुलांना घेऊन बाहेर आले. "आज शून्य सावलीचा दिवस! सूर्य बरोब्बर डोक्यावर आला, की उभ्या वस्तूची सावली बाजूला पडतच नाही. बघाच आता!"

भिंतीची सावली आटत आटत नाहीशी झाली. पोर कण्हायला लागली. वेणूबाई धडपडत उठली आणि तिच्यावर सावली धरायला उभी राहिली. पोरीच्या तोंडावरचं ऊन काही हटेना.



"काका, आजींचीपण सावली गायब!" मुलांनी टाळ्या पिटल्या.