सहीनंतरची मुदत

आजही तिला हवं असलेलं पुस्तक तिच्याआधी कुणीतरी काढून ठेवलं होतं.

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या लॉ लायब्ररीत, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर, दत्तकाच्या कायद्याच्या पानावर उघडं. सुनेत्रानं खुर्चीच्या गादीला हात लावला. गादी उबदार होती. बाहेर बर्फ पडत होतं आणि आत चिटपाखरू नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालचा हिवाळा होता. सुनेत्रा आणि तिचा नवरा चारुदत्त दत्तक घेणार होते ते मूल अजून जन्मायचं होतं. त्याची आई कुठल्याही राज्यात जाऊन बाळंत व्हायला तयार आहे, असं वकिलानं सांगितलं होतं. पण कायदा दर राज्याचा वेगळा. कुठे आईनं सही केली की विषय संपला, कुठे तिला मन बदलायला मुदत. त्यांच्या मैत्रिणीच्या, शोभाच्या घरी आलेलं बाळ असंच परत गेलं होतं. बाळाला निजवायचं रिकामं क्रिब सुनेत्रानंच गराजमध्ये नेऊन ठेवलं होतं. म्हणून तिला असं राज्य हवं होतं, जिथे आईला मागे फिरता येणार नाही.

आणि रोज नेमकं तसंच पान उघडं असायचं. मुदत देणाऱ्या राज्यांची पुस्तकं कपाटातच असायची. तिच्या मनातलं कुणाला कळत होतं? चारुदत्तला तर लायब्ररीचा रस्ताही माहीत नव्हता.

आज ती बसली नाही. कपाटांमागे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. ती त्या दिशेनं गेली.

विशीतली एक मुलगी कपाटाला टेकून उभी होती. कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती.

"सॉरी," ती इंग्रजीत पुटपुटली. "वकिलानं मला तुमचा फोटो दाखवला होता. मी इथेच शिकते. तुम्हाला इथे बघितलं, ओळखलं."

"पुस्तकं तू काढून ठेवतेस?"

"हो. मुदत मिळाली तर मी बाळाला न्यायला येईन. येणारच. आणि माझ्याकडे त्याला द्यायला काहीच नाही. मला येता येऊ नये, एवढं बघा."

सुनेत्राला हवं होतं ते हेच. तरी तिच्या अंगावर काटा आला. बोलताना त्या मुलीचा हात पोटावर हलके थोपटत होता, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"मिळालं का राज्य?" संध्याकाळी चारुदत्तनं विचारलं.

"मिळालं. आईला सगळ्यात जास्त मुदत देणारं."

"वेड लागलंय का तुला? उद्या ती दारात उभी राहिली तर?"

"राहू दे."

वसंतात बाळ घरी आलं. सुनेत्रा पुढचं दार लॉक करेना. चारुदत्त रोज लॉक करायचा, ती जाऊन उघडून यायची.

मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी ती दारापाशी गेली, तर लॉक आधीच उघडलेलं. ती दचकून वळली. चारुदत्त बाळाला मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसला होता, आणि त्यानं बाळाला बाहेर जातानाचं टोपडं घातलं होतं.