प्रत्येकाचा एकच चमचा

ताताय पोन्सिंग, म्हणजे पोन्सिंगबाबा, यांच्या पोटात नळी बसली नाही. घरचे तर आता म्हणतात, ताताय त्या दिवशी इस्पितळात गेलेच नव्हते. ठीक आहे, नव्हते गेले. तर ते गेले नव्हते त्या मंगळवारी झालं ते असं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून, जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेले ताताय बोलत नव्हते, त्यांना गिळताही येत नव्हतं. तपासणीत घोटभर पाण्यानं असा ठसका लागला की डॉक्टर व्हिलारोसाबाईच घाबरल्या. तोंडातून चमचाभर जरी दिलंत तर ते फुफ्फुसात जाईल आणि माणूस हातचा जाईल, असं त्यांनी घरच्यांना बजावलं. आता एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत, पोटाच्या कातडीतून थेट जठरात नळी घालायची होती.

मुलगी लुर्दिता काचेमागे उभी होती. पडद्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती. आत नाकातल्या नळीतून जठरात हवा भरली गेली. बाईंनी सुई उचलली, पडदा पाहिला, सुई खाली ठेवली. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, पोट भरलेलं कसं?

लुर्दिताची मान खाली गेली. फिलिपिन्समधल्या इलोइलोत उपाशी माणसासमोर जेवणं म्हणजे चोरीच.

"काल शेवयांचं बाचॉय केलं होतं," ती पुटपुटली. "त्यातलं नुसतं सूप, डॉक्टर. एकच चमचा."

"सुपाला हाड असतं का हो?"

हाड तिच्या नवऱ्याचं निघालं. म्हणजे त्यानं भरवलेल्या कोंबडीचं. त्याच्यामागून आत्या रडत आली. तिनं चिकट भाताचा गोड घास दिला होता, तोही प्रार्थना म्हणून. मग नर्सनं भिंतीकडे बघत सुक्या मासळीची कबुली दिली. प्रत्येकाचा एकच चमचा, तोही इतरांपासून लपून. आणि जो तो मनातून स्वतःलाच खुनी समजत होता.

लुर्दितानं आत जाऊन तातायचा हात आदरानं आपल्या कपाळाला लावला. "माफ करा, ताताय. तुमचा जीव घेत होतो आम्ही."

तातायनी घसा खाकरला.

"डॉक्टर," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "धडधाकट असताना सदर इसमाला घरात कोणी जेवायला हाकही मारत नसे. सबब, त्याला गिळता येत नाही, ही नोंद पुढील आदेशापर्यंत जशीच्या तशी कायम ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."