जुळलेला नमुना

"मावशी, तुम्हाला भाऊ आहे का हो?" क्रीमची दुसरी डबी पुढ्यात ठेवत पांढऱ्या कोटातल्या मुलीने विचारलं.

हॅलोबाई दचकल्या. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची माणसं लोकांना जोडून देण्यात गेला, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं. स्वतःला जोडून घ्यायला कुणी नव्हतं. आईवडिलांची एकुलती एक लेक, आणि लग्न आज करू उद्या करू म्हणता राहूनच गेलं.

"नाही बाई. का गं?"

"तुमचा नमुना लाखात एक निघाला! आमचं मशीन दोनदा बंद पडलं. त्याने असं कुणी पाहिलंच नव्हतं. फक्त दुसऱ्या गावातल्या शाखेत येणारे एक काका आहेत, त्यांच्याशी जुळतंय. सख्ख्या भावंडांचंच इतकं जुळतं म्हणे. काकांनी नंबर देऊन ठेवलाय. देऊ?"

दुकानावर पाटी होती, 'तुमची जनुकं, तुमचं क्रीम'. कापसाची काडी घरी न्यायची, गालाच्या आतून फिरवायची आणि नळीत बंद करून परत आणून द्यायची. मग प्रयोगशाळा तुमच्या खापरपणज्यापर्यंत चौकशी करून सांगणार, की कातडीला कोरफड सोसेल का बदाम. हॅलोबाईंचा असल्या थोतांडावर विश्वास नव्हता. पण घरात खाजेने उच्छाद मांडला होता आणि डॉक्टरांची सगळी मलमं हरली होती. गंमत म्हणजे हे क्रीम लागू पडलं. खाज गेली, वर तुकतुकी आली.

घोळ मशीनचा आहे, हे हॅलोबाईंना पक्कं ठाऊक होतं. खरं सांगून मोकळं व्हायची वेळ हीच होती. त्यांनी तोंड उघडलं.

"दे नंबर," त्या म्हणाल्या. "माझाही दे त्यांना."

संध्याकाळी फोन वाजला आणि कोपऱ्यात शेठ शिंकला. शेठ म्हणजे त्यांचा कुत्रा. बसस्थानकाबाहेर खोक्यातून पिल्लं वाटणाऱ्या एकाने तो त्यांच्या गळ्यात मारला होता. घंटा कुठलीही वाजो, त्याला शिंक यायचीच. फोन उचलला तरी दुसरी शिंक चालूच होती.

"सर्दी झालीय का?" पलीकडून पुरुषी आवाज आला.

"जुनीच आहे," हॅलोबाईंनी ठोकून दिलं.

"असतं एखाद्या घराण्यात." आवाज जरा घुटमळला. "मी चष्मे करायचो. आता दुकान बंद केलं. त्या क्रीमवाल्यांकडे मलाही खाजेनेच नेलं. तुमचे वडील... फिरतीवर असायचे का हो?"

वडील पोस्टात एकाच खुर्चीवर निवृत्त झाले होते. त्यांच्या पाठोपाठ ती खुर्चीही मोडीत निघाली.

"असायचे," त्या म्हणाल्या.

"माझेही," चष्मेवाले घाईने म्हणाले. मग वयं विचारून झाली. "म्हणजे तुम्ही थोरल्या. म्हणजे... ताई."

आजवर किती ताई किती भावांना जोडून दिल्या असतील, त्याला गणती नव्हती. हॅलोबाईंना मात्र या नावाने कुणी हाक मारली नव्हती. फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो कानाला धरून ठेवला.

मग रोजच फोन येऊ लागला. 'अहो ताई'चं कधी 'अगं ताई' झालं, कळलंही नाही.

"अरे, माझा चष्मा सारखा घसरतो," त्या तक्रार करत. "नाकच बसकं आहे माझं."

"नाकाला कशाला नावं ठेवतेस? दांडी ढिली असेल. आलो की आवळून देतो."

स्वयंपाकघरात एकच खुर्ची होती. हॅलोबाईंनी दुसरी आणली. तिच्यावर कुणी बसत नव्हतं, पण रोज पुसायला ती बरी होती. बिचारा माणूस खरं मानून बसलाय, हे आठवलं की मात्र हातातलं फडकं थांबायचं.

"रविवारी येतो," एकदा तो म्हणाला. "किती दिवस नुसता आवाज ऐकायचा? तोंड तर बघू दे."

रविवारी सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी त्यांनी ठरवलं, दारातच सांगायचं. बूट काढायच्या आधी. म्हणजे त्याला परत जायला सोपं.

शेठला त्यांनी आतल्या खोलीत कोंडलं. घंटा वाजली. शिंक आली. नेहमीपेक्षा जरा घुमल्यासारखी वाटली. जिना रिकामा असला की असं होतं.

दारात चष्मेवाले उभे होते. उंच, सावळे, नाक चांगलं हातभर. हॅलोबाईंच्या बुटक्या, गोऱ्या, नकट्या रूपाशी एका रेषेचं साम्य असेल तर शपथ. एक हात त्यांनी मागे, जिन्याकडे धरला होता. चेहरा शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"ताई, मला आधी एक बोलायचंय."

"थांब. आधी मी." हॅलोबाईंनी चौकट घट्ट धरली. "ऐकून घे, मग जायचं तर जा. ती काडी मी माझ्या तोंडात घातलीच नव्हती. शेठच्या घातली. खाज त्याला होती. आणि शेठ माझा कुत्रा आहे रे."

चष्मेवाल्यांनी मोकळा हात पुढे केला आणि पुन्हा घंटा दाबली.

आत शेठ शिंकला. आणि चष्मेवाल्यांच्या मागच्या हातातल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या वळणाआड, आणखी कुणीतरी शिंकलं.