एकच खोली
सासूबाईंच्या शिवणाच्या दुकानात कपडे घालून बघायची एकच खोली होती. तिचं दार आतून बंद होतं. बाहेर एक ढेरपोटे साहेब पँट घेऊन चुळबुळत होते. “आत कोण आहे?” “माझी सून, बाळाला पाजतेय.” “मग बाटली द्या ना!” सून लाजून उठल्याची चाहूल लागली. “बस गं खाली!” सासूबाई ओरडल्या. “गरोदरपणात साखर वाढली होती तुझी. पाजलंस तर पुढे मधुमेहाचा धोका कमी, डॉक्टरीणबाई उगाच म्हणाल्या का? की माझ्यासारख्या गोळ्या गिळायच्यात?” गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांना ठाऊक नव्हतं. आज मात्र त्या साहेबांकडे वळल्या. “पँट कंबरेला बसणार नाही, इथूनच दिसतंय. साखर तुमचीही वाढली असेल. पण तुम्हाला पाजता यायचं नाही, तेव्हा घरी चालत जा.” आत सून इतकी हसली की बाळानं भोकाड पसरलं.