आधी कोणी बोलायचं

लेकीनं पुन्हा त्या माणसाचं कौतुक सुरू केलं आणि बाबांना चहा कडू लागायला लागला.

जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप उघडे होते. समोर तिच्या ऑफिसातला दाढीवाला बसला होता. शेकडो कॉम्प्युटर एकमेकांना निरोप पाठवत एकच मोठं गणित सोडवायचे, आणि त्या निरोपांची ने-आण एक जुनी लायब्ररी करायची. म्हणजे कुणीतरी एकदाच नीट लिहून ठेवलेला, सगळ्यांनी वापरायचा प्रोग्रॅम. तीच सकाळपासून अडकून पडली होती. तरी दोघं ती लिहिणाऱ्याचे गोडवे गात होते.

"काय डोकं म्हणायचं," दाढीवाला म्हणाला.

"असं आता कोणी लिहीत नाही," लेक म्हणाली.

बाबांना सरळसरळ मत्सर वाटला. त्यांनीही आयुष्यभर हेच काम केलं होतं. लहानपणी लेकीला बोटाला धरून ऑफिसात नेलं होतं. तिच्या तोंडून आपल्याबद्दल असा एक शब्द निघावा, एवढंच त्यांना हवं होतं.

"कोण आहे हा शहाणा?" त्यांनी विचारलं.

दाढीवाला खो खो हसला. "काका, तुम्ही पण ना."

बाबांचं डोकं फिरलं. मघाशी ते खोलीत आले तेव्हा ताडकन उभा राहून मस्का लावणारा हा पोरगा आता खिल्ली उडवत होता. त्यांनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि खोट काढायचीच म्हणून स्क्रीनवर नजर फिरवली. फार शोधावं लागलं नाही. दोन कॉम्प्युटर समोरच्याच्या निरोपाची वाट बघत ताटकळले होते. प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर होता, पण सुरुवात कोणी करायची हेच कुठे ठरलेलं नव्हतं.

"ज्याचा नंबर लहान, त्यानं आधी बोलावं," बाबा म्हणाले. "तुमच्या त्या महापुरुषाला एवढंही सुचलं नाही?"

लेकीनं लायब्ररीची मूळ प्रत उघडली. सुचलं होतं. नंतर दुरुस्ती करताना कुणीतरी तेवढा भाग उडवला होता. तिनं तो परत घातला आणि निरोप भराभर सुटायला लागले. दाढीवाल्यानं सुस्कारा सोडला.

बाबा मात्र त्या भागावर लिहिलेली टीप वाचत होते. ज्याचा नंबर लहान, त्यानं आधी बोलावं.

त्यांनी स्क्रीनवर बोट आपटलं. "हे माझं वाक्य आहे. चोरलंय त्यानं. आणि तू त्याचंच कौतुक करतेस?"

"काका, चोरलं कसं? ते तर तुम्हीच..."

लेकीनं दाढीवाल्याचा हात घट्ट दाबला. "काल खरं सांगितलं तर दिवसभर रडले," ती त्याच्या कानाशी कुजबुजली. "स्वतः लिहिलेलं आठवत नाही म्हणून." मग ती बाबांकडे वळली. "हो बाबा, चोरच तो. तुमची सर त्याला कधीच येणार नाही."